रज्जाकभाईंनी दिलेला कब्जा

रज्जाकभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी कळंबला, नात्यातल्या एका साखरपुड्यात जेवायला बसलो होतो. फोन त्यांच्या मुलीचा, शबानाचा होता. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. मी ताटावरून उठलो, मिळाली ती एसटी पकडली आणि यवतमाळला दफनाच्या वेळेपर्यंत पोचलो. त्याला आता काही महिने झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं ते मुख्यतः एका व्यवहाराबद्दल, कारण इतका स्वच्छ व्यवहार मी दुसरा पाहिला नाही.

आमची ओळख कापसातली. मी एका जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. त्यांचं गादी-रजईचं दुकान. रुई न्यायला ते स्वतः येत. वजन झालं की आधी काट्याकडे बघत, मग माझ्याकडे. "बाबू, काटा तं बराबर हाये, तुमचंच तोंड काहून वाकडं?" असं म्हणून हसत. पुढे येणं-जाणं वाढलं आणि घरच्या गोष्टी निघू लागल्या. पत्नी आधीच वारलेली. थोरला सलीम राजूरला कोळशाच्या वाहतुकीत, धाकटा नागपुरात नोकरीला. शबाना नवरा वारल्यावर माहेरी आलेली. दुकान खरं तर तीच चालवत होती आणि तिला दुसरं उत्पन्न नव्हतं.

आपल्यामागे दुकान तिच्याकडेच राहावं म्हणून मृत्युपत्र करून टाकावं, असं रज्जाकभाईंच्या मनात होतं. आमच्याकडे सगळ्यांना हा एकच उपाय माहीत असतो. मी त्यांच्याबरोबर ओळखीच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सांगितलं ते आम्हा दोघांनाही नवीन होतं. मुस्लिम कायद्यात मृत्युपत्रानं तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देता येत नाही, आणि एखाद्या वारसालाच द्यायचं तर बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर संमती द्यावी लागते. भावांनी नाही म्हटलं, की दुकानात शबानाचा हिस्सा पाचातला एक, कारण मुलाला मुलीच्या दुप्पट मिळतं. दहा बाय चौदाच्या दुकानाचा पाचवा हिस्सा म्हणजे एक गादी पसरण्यापुरती जागा.

"मंग रस्ताच नाही का बाई?" रज्जाकभाईंनी विचारलं.

रस्ता होता. हयातीत बक्षीस, म्हणजे हिबा. "कागद मी करते," वकीलबाई म्हणाल्या, "पण नुसत्या कागदानं भागत नाही. कब्जा खरोखर सोडावा लागतो. गल्ल्यावर तुम्हीच बसलात, किल्ली तुमच्याच खिशात राहिली, तर उद्या कोणीही म्हणेल की दिलंच नाही."

रज्जाकभाईंनी कागद केला, नोंदवला. मग वीजबिल आणि नगरपरिषदेची करपावती शबानाच्या नावावर करून घेतली. हे कोणीही केलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून ते दुकानाच्या पायरीवर थांबू लागले. "मालकीनबाई, येऊ काय?" शबाना हो म्हणाली की मग आत. समोरचा चहावाला चिडवायचा, "चाचा, आपल्याच दुकानात पाहुणे झाले तुम्ही!" त्यावर ते म्हणत, "आपलं राह्यलं कुठी रे? देल्लं ना पोरीले."

मला हे जोखमीचं वाटत होतं. एकदा स्पष्टच विचारलं, "उद्या तिनं बाहेर काढलं तर?"

"काढलं तं काढलं. देल्लं म्हन्जे देल्लं... अर्धं हातात धरून कोनी देते का?"

तिनं एकदा खरंच परत पाठवलं. त्यांना खोकला होता, आत कापूस पिंजणं चाललं होतं, सगळीकडे भुकटी उडत होती. "आज आत यायचं नाही अब्बा," ती ओरडली. ते वळले आणि दिवसभर समोर चहावाल्याच्या बाकड्यावर बसून राहिले. संध्याकाळी मला सांगताना स्वारी खूश होती. "आज कब्जा पुरा झाला बाबू!"

तिसऱ्या दिवसाची जियारत झाल्यावर सलीमनं विषय काढलाच. दुकानासमोरच आम्ही पाच-सहा जण उभे होतो. त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. "अब्बा तं रोज इथंच बसून राहत होते. कब्जा त्यांचाच होता ना? कागदाले काय करता?" शबानाच्या हातात कागद होता. बोलला तो चहावाला. "सलीमभाई, तिनं हो म्हटल्याबिगर चाचा आत पाय ठेवत नव्हते. एक दिवस तं वापस धाडलं तिनं. दिवसभर माह्या बाकड्यावर होते. इचारा कोनालेही."

कोणाला विचारायची गरज पडली नाही. सलीम माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "अब्बानं आमच्यावर भरोसाच नाही केला ना काका... आम्ही काय बहिणीले रस्त्यावर आनलं असतं?"

कदाचित आणलं नसतं. पण रज्जाकभाईंनी शबानाचं पोट त्या कदाचितवर सोडलं नाही, आणि सलीमला लागलं तेही खोटं नव्हतं. राहत्या घराचे कायद्याप्रमाणे पाच हिस्से झाले, दोन-दोन भावांचे, एक शबानाचा. त्यात वाद झाला नाही. मात्र त्यानंतर सलीम अजून यवतमाळला आलेला नाही.

मागच्या रविवारी मी आमच्या घरची गादी पिंजायला शबानाच्या दुकानात घेऊन गेलो. रुईच्या गाठी झाल्या होत्या. तिनं गादी पसरली, कडेवरून हात फिरवला आणि थांबली. "काका, हे टाके अब्बाच्या हातचे. एवढे जवळजवळ मी नाही घालत." कात्री तिच्या हातात होती. "राहू देऊ? वरून खोळ चढवून देते."

मी विचार केला. गाठी पाठीला रुततात, हे खरं होतं.

"उसव," मी म्हणालो.

तिनं एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. दोरा पक्का होता, वेळ लागला.