मामंजींचं मोजणीतलं इंग्रजी

"सून गुनाची हाय व माय, पन तोंडात जीभ हाय का नाही, देव जाने! नागपुराले धाडून करीन काय थे? तठी तं सारी इंग्रजी!"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुंपणापलीकडच्या सर्जाकाकूंना हे सांगत होत्या, आणि मी गोवऱ्यांच्या ढिगामागे उभी होते. खोकावं की नाही, याचा विचार करेपर्यंत सगळं ऐकून झालं!

न बोलणाऱ्या माणसाजवळ गोष्टी फार साचतात. बोलणाऱ्यांच्या त्या रोजच्या रोज खर्च होतात, आमच्या पडून राहतात. मेडशीच्या या घरात येऊन वर्ष व्हायचं आहे, पण माझी कणगी भरत आली. माझ्या माहेरच्या, केनवडच्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी त्यातल्या चार ओंजळी उपसते.

आधी एवढं सांगून ठेवते. आमचे हे नागपुरात एका कचेरीत नकाशे काढतात. लग्न झालं, पूजा झाली, रजा संपली, गेले. मला तिकडे कधी धाडायचं ते काही ठरत नव्हतं. अडचणी दोन. तिकडची खोली लहान आणि इकडची सून मुकी! खोली वाढवणं कोणाच्या हातात नव्हतं. म्हणून सुनेपासून सुरुवात झाली.

* * *

शिकवणार कोण? मामंजी! माझे सासरे. त्यांचा सगळा जन्म जमीन मोजणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या हाताखाली, साखळी ओढण्यात गेला. मेडशीत इंग्रजी येणारा माणूस म्हणून त्यांचा मोठा मान. मात्र ते इंग्रजी सगळं मोजणीतलं. लाँग, शॉर्ट, ब्रॉड, नॅरो, डीप, हाय. लांबी-रुंदी-खोली-उंचीच्या पलीकडे साहेब त्यांच्याशी कधी बोललाच नव्हता!

दुपारी ओसरीवर शाळा भरायची. मामंजी खांबाला टेकून बसत, आणि दाराच्या आत आत्याबाई, थोरल्या जाऊबाई आणि मी, पदर घेऊन. पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी विचारलं, "समजा, पोरीले तठी तहान लागली, तं म्हनाचं काय?"

मामंजींनी बराच विचार केला.

"तहान मोजनीत येत नाही!"

* * *

मोठ्यासाठी इंग्रजीत एक शब्द नाही, चढती भाजणी आहे. मामंजींनी ती गावांवर बसवून दिली. "आपली मेडशी बिग. मालेगाव लार्ज. नागपूर ह्यूज!"

"आन ममई?" जाऊबाई म्हणाल्या.

"थ्या गावाले शब्द नाही. साहेब तिकडं मोजाले गेलाच नोता."

जाऊबाई हसल्या. मी मात्र 'ह्यूज'पाशीच राहिले. दिवसभर तो शब्द जिभेखाली धरून भाकरी थापल्या. एवढ्या मोठ्या शब्दात एक माणूस एकटं जेवतं, ते कसं, कोण वाढतं, काही कळेना. त्या दिवशी माझ्या भाकरी जरा लार्ज झाल्या.

* * *

जाऊबाईंचं लेकरू गुटगुटीत आहे. हे मी लिहिते आहे, पण आमच्याकडे असं बोलायची सोय नाही. लेकराला जाड म्हणायचं नाही, म्हशीचं दूध फार म्हणायचं नाही, कापसाच्या ढिगाला तर मोठा मुळीच नाही. दृष्ट लागते! सगळी कौतुकं पोटात.

एक दिवस लेकराला न्हाऊ घालताना आत्याबाईंना राहवेना. मामंजींना म्हणाल्या, "अवं, दिष्टीले इंग्रजी येते का?"

"तिले कायले येईन?"

झालं! त्या दिवसापासून घरात इंग्रजीचा जो पाऊस सुरू झाला! लेकरू फॅट, दूध मच, कापूस ह्यूज, बैल टॉल. जन्मभर गिळलेली कौतुकं आत्याबाईंनी महिनाभरात बोलून घेतली.

सर्जाकाकूंनी कुंपणावरून कान दिला. "लेकराले फॅट फॅट काय म्हनून राह्यल्या व?"

आत्याबाई क्षणभरही अडखळल्या नाहीत. "हडकुळं!"

आठच दिवसांनी सर्जाकाकूंनी विहिरीवर मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, चुकचुकल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लई फॅट झाली व माय तू! नवऱ्याची सय येते का?"

* * *

एकदा रस्त्यावर एका गोऱ्या साहेबाची मोटार तापून बंद पडली. सगळं गाव भोवती जमलं, आणि मामंजींना धोतर बदलायलाही वेळ न देता बोलावून नेलं. आम्ही बाया लिंबाखाली.

साहेब पुष्कळ बोलला. बोट दाखवलं, घाम पुसला, पुन्हा बोलला. सारं गाव मामंजींच्या तोंडाकडे बघतंय! मामंजींनी टोपी नीट केली, विहिरीकडे हात केला आणि मोठ्यानं म्हणाले, "वेल डीप! रोप शॉर्ट!"

साहेब पोट धरून हसला, मग त्यानं मामंजींचा हात हातात घेऊन हलवला. कोणीतरी धावत जाऊन दोर आणला, मोटारीला पाणी मिळालं, गावाला महिनाभराचं बोलणं मिळालं. लोक अजून सांगतात, "साऱ्या उन्हाळ्याची कथा बुढ्यानं दोन बोलात सांगतली!"

सगळे साहेबाकडे बघत होते. मी मोटारीत बसलेल्या त्याच्या मडमेकडे. साहेब परत येऊन बसला तेव्हा दिसलं, आतली जागा इतकी नॅरो की तिचं कोपर त्याच्या कोपराला लागत होतं. पण ती काही उतरून मागे राहिली नाही.

* * *

एका दुपारी मच आणि मेनी निघालं. मोजता येतं ते मेनी, मोजता येत नाही ते मच. ज्वारीचे दाणे मेनी, पीठ मच. विहिरी मेनी, पाणी मच. मामंजी रंगात आले होते. "इचारा, इचारा! काहीबी इचारा!"

जाऊबाईंनी मला कोपर मारलं आणि भोळा चेहरा करून विचारलं, "मामंजी, आन आठवन?"

मामंजी आढ्याकडे बघत राहिले. आत्याबाई सुपातल्या तुरीत बोटं फिरवत राहिल्या. मी तर पदरात कुठे गेले होते, मलाच ठाऊक.

"आज शाळा सुटली," मामंजी म्हणाले आणि काठी घेऊन वावराकडे निघून गेले.

* * *

संक्रांतीनंतर आत्याबाईंचे भाऊ नागपूरहून आले. ह्यांची खोली बघून आले होते. मी चुलीपुढे होते. फुंकणी हातातच राहिली.

"कशी हाय खोली?" आत्याबाई.

"टेन बाय एट," ह्यांचे मामा म्हणाले. त्यांनाही थोडं येत होतं.

"म्हनजे केवढी?"

मामंजी उठले. मोजणीचं काम म्हटल्यावर त्यांच्या गुडघ्यांत बळ येतं. सुपात राख घेतली, अंगणात गेले, हातानं माप घेत घेत लांबी आखली, रुंदी आखली, एका बाजूला दाराची फट सोडली. सारवलेल्या अंगणात ह्यांची खोली उमटली! मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून बघत होते. अशी इथून बघितली तर फारच जवळ होती.

सगळे आत जाऊन उभे राहिले आणि भांडू लागले.

"चूल अठी येईन."

"मंग धूर कुठी जाईन?"

"पान्याचा हंडा पाहिजन का नाही?"

जाऊबाईंनी खराच हंडा आणून ठेवला. मग पाटा आला, ट्रंक आली, वळकटी आली, पिठाचा डबा आला. आत्याबाई एकेक जिन्नस मांडत गेल्या, जशी काही सून आजच निघाली! आणि मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पाहा! भरली! आता पोरगी उभी कुठी राहीन?"

मामा म्हणाले, "लहानच हाय तशी."

मामंजींनी एका टोकाकडून बघितलं, दुसऱ्या टोकाकडून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. मोजणी खात्याचा निकाल यायचा होता.

"व्हेरी नॅरो," मामंजी म्हणाले. "पुढच्या सालाले पाहू."

आत्याबाई हंडा उचलायला वाकल्या.

मी उंबरा ओलांडला. अंगणातून चालत गेले. राखेची रेघ कुठेही ओलांडता आली असती, पण मी वळसा घालून दाराच्या फटीतूनच आत शिरले. आत्याबाई हंड्यावर हात ठेवून तशाच थांबल्या. हंडा आणि वळकटी यांच्यामध्ये मी बसले, गुडघे जवळ घेतले, पदर आवरला. मग बाजूच्या सारवणावर तळहात ठेवून बघितला, आणि मामंजींसमोर आजवर कधी न काढलेला आवाज काढला.

"मामंजी, मी तं मावली. आन बाजूले अजून एका मानसाची जागा उरली."