अक्रोडाच्या अलीकडे, अक्रोडाच्या पलीकडे

यामिनी वरोकरच्या हातात कुठलाही नकाशा आला, की तो काढणारा माणूस कुठे उभा होता हे ती आधी शोधायची. हॉटेलात जिन्यापाशी लावलेला आगीच्या वेळचा नकाशा असो, नाहीतर लेकीने शाळेसाठी काढलेला असो, तिची पहिली चौकशी तीच. काटोलच्या भूमी अभिलेख कार्यालयात पाच वर्षं भूकरमापक म्हणून काढल्यावर दुसरं काय होणार? संत्र्यांच्या बागांतून साखळी घेऊन हिंडायचं, दोन भावांमधला बांध नेमका कुठे ते ठरवून द्यायचं आणि त्याबद्दल दोन्ही भावांच्या शिव्या खायच्या, हे तिचं काम. मग नवऱ्याला, प्रकाशला, आयर्लंडमधल्या स्लायगोच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञाची नोकरी लागली आणि ते सगळं मागे पडलं. त्याला चौदा वर्षं झाली. लेक इशिता इथेच जन्मली, तिला आईचं मराठी पूर्ण कळतं आणि उत्तर मात्र इथल्या हेलातल्या इंग्रजीत देते.

नवं काम तिला लायब्ररीतल्या एका चिठ्ठीवरून मिळालं. डब्लिनला, बॉल्सब्रिजमधल्या एका इमारतीत दोन खोल्यांत चालणारी एक छोटी संस्था होती. तिला हाताने काढलेले जुने नकाशे वाचू शकणारं माणूस हवं होतं, घरी बसून, आठवड्याला पंधरा तास. नकाशे भूसुरुंगांचे होते. तीस वर्षांपूर्वी एकमेकांशी लढलेल्या दोन शेजारी देशांनी माणसांच्या पायाखाली फुटणारे सुरुंग कायमचे काढून टाकायचं मान्य केलं होतं. आपापल्या हद्दीतले त्यांनी काढलेही. सरहद्दीवरच्या पट्ट्यात मात्र दोघांचे सुरुंग शेजारी शेजारी होते आणि दोघांचे कागद जुळवल्याशिवाय कुणालाच पाऊल टाकता येत नव्हतं. एकमेकांच्या हातात कागद द्यायला दोघेही तयार नव्हते, म्हणून ते तिसऱ्याकडे, इथे आले होते. देशांची नावं बाहेर बोलायची नाहीत अशी अट होती. यामिनीने घरी त्यांना ‘वरचे’ आणि ‘खालचे’ अशी नावं पाडली, कारण लढाईत एक फौज डोंगरावर होती आणि दुसरी पायथ्याशी.

पहिल्याच महिन्यात तिला एका गोष्टीचा शोध लागला आणि ती हरखून गेली. दोन्हीकडच्या सैनिकांनी कागद काढताना आपली बाजू खाली धरली होती आणि शत्रूची वर. म्हणजे दोनपैकी एक कागद उलटा फिरवला की दोन्ही एकमेकांवर बसत. संस्थेचं काम बघणाऱ्या ओर्लाला हे तिने फोनवर सांगितलं, तेव्हा ओर्ला म्हणाली की आमच्याकडे वर्षभर हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी यामिनीने जेवायला पुरणपोळी केली. प्रकाशने विचारलं, आज काय आहे? ती म्हणाली, काही नाही.

अकरा नंबरच्या कुरणाचे कागदही तिने असेच जुळवले. लाकडी पूल पुलावर बसला, वाट वाटेवर बसली आणि पुलापासून निघालेली सुरुंगांची रांग रांगेवर बसली. फरक एवढाच, की मध्ये अक्रोडाचं एक मोठं झाड होतं, ते एका कागदात रांगेच्या या बाजूला येत होतं आणि दुसऱ्यात त्या बाजूला. शिवाय वरच्यांनी अंतर पावलांनी मोजलं होतं, खालच्यांनी मीटरने, तेही नीट मिळत नव्हतं. यामिनीला त्यात नवल वाटलं नाही. काटोलला बांधावरचं झाड दोन भाऊ कधी एका बाजूला दाखवतच नसत. बांध एकच, कागद दोन, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. तिने शेरा लिहिला, ‘दोन्ही नोंदी एकाच रांगेच्या’, आणि मीटरवाला कागद खरा धरला.

त्याप्रमाणे सुरुंग काढणाऱ्या पथकाने रांग खणली. खालच्यांच्या कागदात लिहिलेले सगळेच्या सगळे सुरुंग सापडले. एक जूनला कुरण मेंढपाळांना खुलं करायचं ठरलं. ओर्लाने तिला मेंढ्यांचा एक फोटोही पाठवला.

मेच्या मध्यावर एका शनिवारी यामिनी डेक्लनकडे अंडी आणायला गेली. डेक्लन म्हणजे गावाबाहेर गुरं पाळणारा शेजारी, बोलायला एकदा सुरू झाला की अंडी उबून पिल्लं निघतील असा. त्याच्या आणि शेजारच्या कुरणामध्ये तिला एक गंमत दिसली. तारेचं कुंपण एक नव्हतं, दोन होती. मधला दीडएक मीटरचा पट्टा नुसता काटेरी झुडपांनी भरलेला. एवढी चांगली जमीन वाया कशाला घालवता, असं तिने विचारलं.

“गुरांची नाकं एकमेकांना लागायला नकोत. क्षय पसरतो,” डेक्लन म्हणाला. “हे कुंपण माझं, ते तिकडच्या युअर मॅनचं.” इथे नाव न घेता कुणाबद्दल बोलायचं झालं की तो माणूस युअर मॅन होतो.

“म्हणजे हद्द एक आणि कुंपणं दोन?”

“हद्द एकच. पण त्याच्या कुंपणावर मी विसंबेन होय?”

यामिनी अंड्यांचा ट्रे हातात धरून तिथेच उभी राहिली. शत्रूच्या रांगेवर कोण विसंबेल? दोन भावांना बांध एकच पुरतो, कारण भांडले तरी तो दोघांचा असतो. या दोन फौजांनी आपापली रांग घातली असणार, दोघांनीही अक्रोडाच्या अलीकडे, आपल्या बाजूला. कागद फिरवल्यावर झाड रांगेच्या दोन बाजूंना दिसलं, ते एक झाड दोन रांगांच्या मध्ये होतं म्हणून. वरच्यांची अख्खी रांग अजून गवतात होती, आणि ती नाही असं लिहून दिलं होतं यामिनीने.

घरी येऊन तिने कागद पुन्हा लावले. प्रकाश म्हणाला, खात्री करून घे, उगाच घाईने काही कळवू नकोस. चौदा वर्षांनी मिळालेलं काम आहे, हे तो बोलला नाही, पण तिला ऐकू आलं. इशिता मागून डोकावून म्हणाली, “यू’ल बी ग्रँड, मॅम. जस्ट टेल देम.” इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे ठीक आणि मॅम म्हणजे आई. यामिनीने फोन लावला.

ओर्लाने सगळं ऐकून घेतलं. कुरण थांबवते, म्हणाली. पण वरचे काय म्हणतील हेही तिने सांगितलं, आणि सोमवारी ते तसंच म्हणाले: आमची तिथे रांगच नव्हती, तो कागद त्याच रांगेचा असेल. खालचे म्हणाले, त्यांना काम लांबवायचंय, दुसरं काय. दोन्ही देशांची मिळून नेमलेली समिती तीन वर्षं कशीबशी टिकली होती, ती आता एका बाईच्या शेऱ्यावरून मोडते की काय, अशी ओर्लाला धास्ती पडली. एक जूनला बारा दिवस उरले होते.

तेव्हा यामिनीने तिला काटोलची रीत सांगितली. मोजणीला जायच्या आधी लगतधारकांना, म्हणजे चारी बाजूंच्या शेतवाल्यांना, नोटीस जाते. ते हजर असतात. एकट्यासमोर विचारलं तर माणूस बांध पन्नास पावलं सरकवून सांगतो. शेजारी समोर उभा असला की पाच पावलंसुद्धा सरकवायची त्याची हिंमत होत नाही. या कागदांवर सह्या करणारे कुणी हयात असतील, तर त्यांना एकत्र बसवा.

“साहेब लोक नकोत. ज्यांनी हाताने पुरले ते बोलवा,” ती म्हणाली.

दोघं हयात होते. वरचा आता शाळेची बस चालवायचा, खालच्याच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. दहा दिवसांनी दोघं पडद्यावर समोरासमोर आले. मध्ये दुभाषी, एका कोपऱ्यात ओर्ला आणि दुसऱ्या कोपऱ्यात स्लायगोच्या स्वयंपाकघरातून यामिनी. पहिली वीस मिनिटं ते एकमेकांकडे बघतही नव्हते. यामिनीने दोघांना कोरा कागद घ्यायला सांगितलं आणि फक्त झाडापासून सुरुवात करायला सांगितली.

खालचा म्हणाला, अक्रोड आमचा होता, आमच्या रांगेत सोडलेल्या वाटेने जाऊन आम्ही त्याची फळं खायचो.

वरच्याने पहिल्यांदाच मान वर केली. दुभाष्याने भाषांतर करेपर्यंत त्याला दम निघाला नाही, त्याला भाषा येत होती. “तुमच्या बाजूला पडलेले खायचात,” तो म्हणाला. “आमच्या बाजूचे तसेच कुजले. आम्हाला उचलता येत नव्हते.”

“का बरं?” खालच्याने विचारलं.

वरच्याने कोऱ्या कागदावर झाडापाशी एक रेघ ओढली. मग म्हणाला, “कारण तिथे मीच पेरले होते.”

ओर्लाने चेहऱ्यावर हात नेला. त्याने झाडापासून पावलं सांगितली, पुलापासून सांगितली. खालचा मध्येच म्हणाला, तू तेव्हा बुटका होतास रे, दुर्बिणीतून दिसायचास, तुझं पाऊल लहान धर. आणि दोघं हसले, नको तिथे हसू येतं तसे.

कुरण एक जूनला उघडलं नाही. मेंढपाळांनी संस्थेला चार शब्द सुनावले, आणि त्यातले यामिनीच्या वाट्याचे तिने मुकाट्याने घेतले. जुलैत पथकाला अक्रोडाच्या वरच्या अंगाला सव्वीस सुरुंग मिळाले. ओर्लाने आकडा कळवला आणि खाली लिहिलं की उरलेल्या कागदांसाठीही दोघांना बोलवायला समिती राजी आहे, शेरे तूच लिही.

पुढच्या बैठकीला दोघं वेळेआधीच आले होते आणि मधाबद्दल बोलत होते. बारा नंबर झाला, तेरा झाला. ओर्ला आभार मानायला लागली तेव्हा खालच्याने हात वर केला. गिरणीच्या मागेही आहेत, म्हणाला. यामिनीने यादी पाहिली. गिरणीचा कागद यादीत नव्हता.

“कागद कधी काढलाच नाही,” तो म्हणाला. “रात्रीत पेरले आणि सकाळी निघालो.”

आजवर सांगितलं का नाही, असं ओर्लाने विचारलं. त्याने खांदे उडवले आणि समोरच्या बसवाल्याकडे बोट केलं. हा नव्हता ना समोर. एकट्याने मी वाटेल तेवढे सांगितले असते आणि तुम्ही तेवढेच लिहिले असते.

यामिनीने कोरा कागद पुढे ओढला आणि त्याला विचारलं, पेरताना तू कुठे उभा होतास?