बाळकुमहून आगबोटीने कल्याण, आणि यशोदेने शोधलेला आवाज

मेहुण्याच्या लग्नाला कल्याणला जायचे ठरले, तेव्हा सगळ्यांनी आगगाडीच सुचवली. पण माझ्या पत्नीला, यशोदेला, खाडीतून जायची फार हौस होती. लहानपणीच्या आजारानंतर तिला फारच कमी ऐकू येते. ओठ पाहून ती बोलणे ओळखते, आणि गाडीच्या गर्दीत ते जमत नाही. म्हणून आम्ही ठाण्याहून बैलगाडीने बाळकुमच्या धक्क्यावर आलो.

कुणाला जायचे असेल तर आधी भरतीची वेळ विचारून ठेवा. आगबोट लहान असते, आणि ओहोटी लागली की चिखलात रुतते. भाडे आगगाडीपेक्षा थोडे जास्त पडते. दशम्या आणि पिण्याचे पाणी बरोबर असू द्या, वाटेत काही मिळत नाही.

कशेळी मागे पडली. दोन्ही काठांना मिठागरे, पांढऱ्या राशी, उजवीकडे मुंब्र्याचे डोंगर. यशोदा काठावरचे बगळे मला बोटाने दाखवत होती. तेवढ्यात इंजिनाच्या खोलीतून बारीक, कुंई कुंई असा आवाज सुरू झाला. बोट वेग घेई तसा तो चढे.

इंजिन सांभाळणारा पोशा बाळकुमचाच. त्याने बॉयलरभोवती दोनदा फेरी मारली.

"वाफ सुटते का काय, कलत नाय," तो म्हणाला. "विस्तव काढून थांबायला लागंल."

"मग कल्याण?"

"भरती जाईल, दादा. दिवा गावाच्या चिखलात बसाचा उद्यापर्यंत."

लग्न दुसऱ्या दिवशी सकाळचे होते. करवली म्हणून यशोदेलाच उभे राहायचे होते. मी तिला सारे सांगितले. ती उठली, गाठोड्यातून लग्नघरासाठी घेतलेला लांब लाकडी कालथा काढला आणि इंजिनाच्या खोलीकडे निघाली.

"वयनी, तिथं चटका बसंल!" पोशा ओरडला.

"घरी जात्यात खडा अडकला की ती असाच शोधते," मी म्हणालो. "लाकूड दातांत धरले की तिला ऐकू येते."

पोशा बाजूला सरकला. तिने कालथ्याचे एक टोक दातांत धरले, दुसरे बॉयलरला टेकवले. मान हलवली. पाण्याच्या पंपाला टेकवले. पुन्हा नाही. मग मागे जाऊन, बोटीला ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याकडे जाणारा दांडा ज्या आधारांवर फिरतो, त्यांना एकेक करून लावून पाहिले. शेवटच्या आधाराशी तिने डोळे मिटले.

"अहो, इथे," ती म्हणाली. "कोरडे घासते आहे."

पोशाने इंजिन थांबवले आणि तिथली फळी उचलली. तेल सोडायच्या भोकात सुताचा बोळा बसला होता. आधार हात लावू न देण्याइतका तापला होता. त्याने तारेने बोळा ओढून काढला, आधार निवू दिला आणि तेल सोडले. इंजिन पुन्हा सुरू झाले तेव्हा मी कान देऊन ऐकले. कुंई नाही. पोशाने तिच्याकडे वळून, तिला ओठ नीट दिसतील असे सावकाश म्हटले, "वयनी, आज बोट तुमी वाचवली!"

डोंबिवलीची शेते आणि झाडी ओलांडून दिवे लागायच्या सुमारास कल्याण बंदर आले. धक्क्यावर सासरे ताटकळत उभे होते. पोशाने त्यांना गाठून सगळी हकीकत सांगितली. या कमी ऐकणाऱ्या लेकीचे लग्न कसे होणार याची चिंता ज्यांनी वर्षानुवर्षे वाहिली, ते मंडपात दुसऱ्या दिवशी व्याह्यांना हाताला धरधरून तीच हकीकत सांगत होते.

परत येऊन आता पंधरवडा झाला. खाडीचा वारा, मिठाच्या राशी, सगळे मनात आहे. पण कुणी प्रवासाचे विचारले की मी सुरुवात करतो ती शेवटच्या आधारापासून. यशोदा माझ्या ओठांवरून ओळखते, लाजते, "पुरे हो" म्हणत माजघरात जाते. मी थांबत नाही. आवाज आणखी चढवतो. शेजारच्या आळीलाही कळू दे.