कोऱ्या पानावरची सही

दिवाळी सरली की आमच्या पाड्यावर वीटभट्टीचा टेम्पो येतो. त्या वर्षीही आला. भांडी, गोधड्या, कोंबड्या वर चढल्या, तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन धावत आला. "सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला तुम्ही कोणी नसणार. आत्ताच सह्या-अंगठे द्या, तुमच्या ओहोळावर साकव बांधायचा ठराव लिहून घेतो." पान कोरं होतं. बाबाने अंगठा उठवला, बाकीच्यांनीही. मी दहावी पास, म्हणून ऐटीत सही केली. टेम्पो हलला तेव्हा बाबा खुशीत म्हणाला, "अंगठा देलाय, आता साकव होलच."

हे लिहितेय ते पाड्यावर राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. भट्टीवरून मी पुढे ठाण्याला आले, एका टॉवरमध्ये हाउसकीपिंगला लागले. इथे लिफ्ट दहा मिनिटं बंद पडली तरी सोसायटीच्या ग्रुपवर आकांडतांडव होतं, मिटिंगमध्ये चेअरमनलाही कोणी सोडत नाही. आपला पाडा मात्र ओहोळ भरला की जगापासून तुटतो आणि आपण म्हणतो, पाऊसच तो, त्याला कोण काय करणार!

त्या शिमग्याला घरी गेलो तर मोठ्या गावाच्या तोंडाशी रंगीत कमान उभी. साकवाचं विचारलं, तेव्हा ग्रामसेवकाने रजिस्टर पुढे केलं. कमानीचा ठराव, सर्वानुमते मंजूर. खाली आमचेच अंगठे आणि माझी वळणदार सही. आपलेच दात, आपलेच ओठ. भांडणार कोणाशी?

त्याच पावसाळ्यात धाकट्या भावाची बायको, सविता, बाळंतपणात अडली. पाड्यावरचे लोक तिला झोळीत घालून दवाखान्याकडे निघाले, पण ओहोळ फुगलेला. पाणी उतरेपर्यंत माणसं झोळी खांद्यावर घेऊन काठावर उभी राहिली. सविता वाचली. मूल गेलं.

पुढच्या जानेवारीत मी रजा टाकून गेले. भट्ट्यांवर फोन करकरून अकरा जणांना बोलावलं. ग्रामसेवक म्हणाला, "ताई, सह्या करा, ठराव मागाहून लिहितो." मी म्हटलं, "आधी लिहा, मोठ्याने वाचा, मग सही." बाबाने तर अंगठे मुठीत दाबून धरले. दुपार टळली तरी आमच्यातलं कोणी उठलं नाही. शेवटी साकव लिहिला गेला. तो बांधून व्हायला मोखाड्याच्या पंचायत समितीत कितीतरी खेपा आणि आणखी दोन पावसाळे गेले, पण झाला.

मला वाटलं होतं, सविता खूश होईल. साकवावर ती थांबली, खालच्या पाण्याकडे बघत म्हणाली, "बाय, तुला तं वाचता येत होता ना?"

"पान कोरं होतं गं."

"मंग सही कशाला केलीस?"

ठाण्यात मला सगळे शहाणी म्हणतात. हा प्रश्न विचारणारं माणूस फक्त पाड्यावर आहे, आणि माझं घर तिथेच आहे. दर सव्वीस जानेवारीला मी जाते. सविता सभेत माझ्या शेजारी बसते. ठराव लिहून, वाचून झाल्याशिवाय मी पेनाचं टोपण काढत नाही.