सुनंदाची तपासणी

सुनंदा गेल्याचा फोन प्रभाकररावांनीच केला. "वहिनी, सुनंदा गेली. दुपारी नेणार आहोत." आवाज खणखणीत होता... एकेकाळी त्या आवाजाला शेजारच्या खोलीपर्यंतही पोचायचं बळ नव्हतं.

आम्ही दुसरीकडे राहायला जाण्याआधी एकलहऱ्याच्या कॉलनीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. वीज केंद्रात नोकरीला असलेल्या प्रभाकररावांची मूत्रपिंडं साखरेच्या आजाराने निकामी होत चालली, तेव्हा नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायची तयारी सुनंदाने परीक्षेला बसावं तशी केली. जुने रिपोर्ट, रोजच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरली. गुडघेदुखीवर ते गुपचूप कुठल्या गोळ्या घेतात, तेही वदवून घेतलं. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न ती भाजी निवडताना मला म्हणून दाखवायची. हा आजार कुरकुर न करता वाढतो, म्हणून लघवी-रक्त तपासत राहायला हवं, हे मला तिच्याकडूनच कळलं. आपल्या लघवीला फेस येतो, जिना चढताना दम लागतो, हे मात्र तिने कामाच्या धबडग्यावर ढकललं होतं.

"माझी किडनी घ्या," असं तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. रक्तगट जुळला, पुढच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट घ्यायला मीही सोबत गेले होते. डॉक्टरांनी तिला समोर बसवलं आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमची घेता येणार नाही. तुमच्याच किडन्या निम्म्याहून जास्त गेल्यात."

शेजारी बसलेले प्रभाकरराव म्हणाले, "आता मला कोण देणार?"

सुनंदाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांना आईने दिली. सासूबाई आणि नवरा दोघांचंही पथ्यपाणी सुनंदानेच केलं. तिला किडनी लागायची वेळ आली तेव्हा सटाण्याचा भाऊ म्हणाला, कांद्याची काढणी आटोपली की तपासणीला येतो. काढणी झाली, मग मुलीचं लग्न निघालं... तो आला तो थेट अंत्ययात्रेला. डायलिसिसला ती बसने एकटी जायची. गर्दीत जंतुसंसर्गाची भीती, म्हणून प्रभाकरराव सोबत जात नसत.

परवा त्यांना भेटायला गेले. दाराशी पुरुषी सँडल होते. शेवटी शेवटी तिचे पाय इतके सुजत की बायकांची चप्पल चढेना, म्हणून तिने ते घेतले होते. मी निघाले तसा प्रभाकररावांनी त्यात पाय सरकवून पाहिला.

"मला बरोबर होतात," ते म्हणाले, आणि तेच घालून मला रिक्षापर्यंत सोडायला आले.