डाव्या हाताचा सलाम

जानराव ब्रह्मदेशच्या लढाईत होता, म्हणजे लढाईतल्या स्वयंपाकघरात. पलटणीचा लांगरी असल्यामुळे शत्रू त्याने कधी पाहिला नाही. भुकेले जवान मात्र रोज पाहिले. अमरावतीत परतून तो दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. पासष्टच्या लढाईत शहरातल्या भिंतींवर छाती पुढे काढलेल्या वीरांची चित्रं लागली. एकाच्याही बुटाला चिखल नव्हता, हे जानरावला खटकलं. त्याने आपली सहा चित्रं काढली: बटाट्यांच्या ढिगाआड दिसेनासा झालेला जवान, संगिनीवर मोजे वाळत घालणारा, बायकोचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेताना लाजणारा.

अब्दुल गफ्फार यांच्या शिळाछापखान्यात ती छापली. दगडावर सगळं उलटं काढावं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. खालची अक्षरं दोघांनी आरशात तपासून घेतली. हातांकडे कोणी पाहिलं नाही.

चित्रं जवान-मदतीच्या प्रदर्शनात लागली. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे वामनराव मास्तर म्हणाले, ही जवानांची थट्टा आहे. उद्घाटनाला मोर्शीचे निवृत्त सुभेदार शेषराव येणार होते; त्यांच्या कपाळाला आठी पडली की चित्रं खाली. जानरावची हाव एवढीच होती की, पलटणीतल्या एका तरी माणसाने ‘असंच असते’ म्हणावं.

सुभेदार पाच चित्रांपुढून मुकाट गेले. सहाव्यात लांगऱ्यापुढे अचानक साहेब उभा राहिलेला, आणि लांगरी सलाम ठोकतो आहे. डाव्या हाताने. जानरावने काढला होता उजवा. दगडाने तो डावा केला होता. जानरावला ते त्याच क्षणी दिसलं. मास्तरांनाही दिसलं, आणि त्यांना बरंच समाधान वाटलं.

“हा सलाम कोन्या पलटणीचा हाये गा?” सुभेदारांनी विचारलं.

जानरावने दगडाचं सांगितलं, चूक आपली हेही सांगितलं.

सुभेदार चित्राच्या आणखी जवळ गेले. मग मास्तरांकडे वळून म्हणाले, “उजव्या हातात पळी हाये त्याच्या. पळी सोडली तं दाळ भांड्याच्या बुडाले लागते. मी बी रंगरूट असतानी असाच सलाम ठोकला होता.”

मग काय झालं, असं जानरावने भीत भीत विचारलं.

“सात दिवस खड्डे खोदले. तेबी काढ.”

मास्तर हसले नाहीत. ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. चित्रं मात्र भिंतीवर राहिली, आणि महिनाभरात सातवं छापून आलं: खड्ड्यात रंगरूट, वर फक्त टोपी आणि मिशा. मिशा हुबेहूब सुभेदारांच्या. त्यांनी त्या ओळखल्या, मिनिटभर कडक चेहऱ्याने न्याहाळल्या, आणि नातेवाइकांत वाटायला बारा प्रती मोर्शीला नेल्या.