उपवासाच्या आडोशाला

मी दीड वर्ष खोटे उपवास केले. देवाला हे ठाऊक होतं, माणसांना नव्हतं. म्हणून आधी तेच लिहिते.

इंदापूर तालुक्यातल्या कळस गावात मी अंगणवाडी सेविका आहे. तीन वर्षांपूर्वी जेवताना घास छातीच्या मध्यावर अडकायला लागला. श्वास चालायचा, बोलताही यायचं, पण आत कुणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं व्हायचं. आधी भाकरी अडकायची, मग भात, पुढे पुढे ताकसुद्धा उलटून वर यायचं. मोरीत जायचं, ओकून टाकायचं, तोंड धुऊन पदर सावरत बाहेर यायचं, हे रोजचं झालं. माझे चुलते अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले. त्यांचे शेवटचे महिने मी जवळून पाहिले होते. त्यामुळे दवाखान्याचं नाव काढायची माझी छाती होत नव्हती. तपासलंच नाही तर काही निघणारही नाही, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती.

मग मला उपवास सापडले. सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी. फराळही नको, नुसतं दूध, असं सांगितलं की कुणी आग्रह करत नसे. बायका म्हणायच्या, "ताईंचं देवाधर्माचं लई कडक हाय." ते ऐकून मला बरं वाटायचं, आणि त्याचीच लाज वाटायची. बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकायला लागल्या. एकदा आमच्या यांनी डाळिंबाच्या बागेतून आल्या आल्या विचारलं, "एवढं उपास कुणासाठी करती गं?" मी म्हटलं, "तुमच्यासाठीच की." ते नुसते माझ्या हाताकडे बघत राहिले.

दर संकष्टीला मी बारामतीवरून एसटीने मोरगावला जायची. दर्शन झालं की हातात खोबऱ्याचा तुकडा मिळायचा. देवळाबाहेर रस्त्याकडेला एक म्हातारी बाई दूर्वा आणि जास्वंदीची फुलं घेऊन बसायची. शेजारी तिची शेळी बांधलेली असायची. मी येता येता खोबरं त्या शेळीपुढे टाकायची आणि बस गाठायची. एका संकष्टीला मी वाकले, तेवढ्यात बाईने माझं मनगट धरलं.

"बाई, चार म्हयनं बघतीया. देवाचा परसाद तुमी माझ्या शेळीला घालता. देवावर रागावलाय का?"

लाजेपायी तो तुकडा मी तिथंच तोंडात टाकला, चावला न चावला आणि गिळला. तो अडकला. मी घाईने पिशवीतली पाण्याची बाटली काढली, तशी तिने ती माझ्या हातातून काढूनच घेतली.

"पाणी वतू नगा त्याच्यावर. उभ्या ऱ्हावा सरळ. बोलता येतंय न्हवं? मग भिऊ नगा. खाली तरी जाईल, न्हायतर वर तरी यील."

ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. गिऱ्हाईक आलं, तर त्याला म्हणाली, "फुलं घ्या तुमची तुमी." बऱ्याच वेळाने खोबरं वर आलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने माझं तोंड स्वतःच्या पदराने पुसलं आणि म्हणाली, "माझ्या भणीला असंच हुतं. तीबी सांगत नव्हती कुणाला. दुर्बीण घातली तवा कळलं. आता खाती, पर दमानं. तुमी घरी सांगितलंय का?"

मी मान हलवली. नाही.

"मग हितं येऊन देवाला काय सांगता?"

हा प्रश्न मी आजवर विसरलेली नाही. कुणी म्हणेल, ती एक साधी फुलं विकणारी बाई होती, तिने जे पाहिलं ते बोलली. तसंच असेल. मला एवढंच कळतं की मी दीड वर्ष हात जोडत होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं.

घरी आल्यावर हे अंगणात हातपाय धूत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. हे रागावले नाहीत. "उद्या सकाळची पहिली गाडी," एवढंच म्हणाले. बारामतीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, औषध पाजून छातीचे फोटो काढले. कर्करोग नव्हता. अन्ननलिकेचं खालचं तोंड घास आला तरी उघडत नव्हतं. पुढे पुण्याला नेऊन फुग्याने ते रुंद केलं. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "आराम पडेल, पण हा आजार मुळातून जात नाही. याच्याबरोबर राहायला शिका."

मी शिकते आहे. भाकरी दुधात कुस्करून खाते. एका जेवणाला पाऊण तास लागतो, तो मी कुणाची माफी न मागता घेते. संध्याकाळी लवकर जेवते, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावल्या आहेत. लग्नाच्या पंगतीत घास अडकला तर उठून उभी राहते आणि सांगते, "अडकलंय, जरा थांबा." लोक थांबतात. मला वाटलं होतं, हसतील.

उपवास सगळे सोडले. देवासमोर बसते ती पोटात अन्न घेऊन. घास नीट चावणं माझ्या हातात आहे, आणि त्यात मी आता कसूर करत नाही. तो खाली उतरणं माझ्या हातात नाही. तिथे मी डोळे मिटते आणि त्याच्यावर सोपवते. दिवसातून कितीतरी वेळा असं सोपवावं लागतं. एवढा जप मी पूर्वी कधी केला नव्हता.

परवा अंगणवाडीत एका मुलाची आई दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, आमचं आबा घासाघासाला पाणी पित्यात. इचारलं की म्हणत्यात, भूकच न्हाय." मी हातातली वही मिटली आणि तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. आबा ओट्यावर बसले होते. मी शेजारी टेकले आणि विचारलं, "आबा, कुठं अडकतंय?"

त्यांनी हात उचलून छातीवर ठेवला.